आत्यांची परीक्षा

२ जून, सोमवार

काल राघोत्तमपुढे बोलून बसले. आता निस्तरायला हवं.

राघोत्तम हा ह्यांचा आतेभाऊ. चेन्नईबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात आहे, तिथेच राहतो. त्याची आई, म्हणजे आमच्या अन्नपूर्णा आत्या, चेन्नईत पश्चिम मांबळमला एकट्या. वय एक्क्याऐंशी. गेल्या महिन्यात त्यांना कोणीतरी फोन करून गॅसची जोडणी तोडणार म्हणून घाबरवलं. त्याच्या सांगण्यावरून आत्यांनी फोनवर काहीबाही चढवून घेतलं आणि तासाभरात पेन्शनचं खातं रिकामं झालं. राघोत्तमने ते भरून काढलं, पण ठरवलं की आता पुरे. फोन बंद, घर बंद, आईने ओरगडमला यायचं. आडी ह्या तमिळ महिन्यात इकडे कोणी घर हलवत नाही, म्हणून त्याच्या आधीचा शेवटचा रविवार, १३ जुलै, त्याने धरलाय.

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बावन्न वर्षं झाली त्यांना त्या घरात. संध्याकाळी खालच्या बायकांबरोबर देवळात जातात, उन्हाळ्यात गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घालतात. ओरगडमच्या अकराव्या मजल्यावर त्या काय करणार? लिफ्ट मोजत बसणार?

मी म्हणाले, "सहा आठवडे दे. मी त्यांना तयार करते. तेरा तारखेला तूच परीक्षा घे. नापास झाल्या तर घेऊन जा."

तो म्हणाला, "वैनी, एक चूक झाली तरी मी ऐकणार नाही."

हे रास्त आहे. एकतीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. आम्लाची बाटली धरताना हात कापणाऱ्या मुली मी सरळ केल्या. इथे तर एकच विद्यार्थिनी आहे.

४ जून, बुधवार

आमच्या नंगनल्लूरहून मांबळमला पोचायला रिक्षेने पाऊण तास. आत्यांनी कॉफी केली, मी आधी धडा म्हणाले. कॉफी निवली. पुन्हा गरम केलेली कॉफी मला चालत नाही, पण प्यायले.

पुठ्ठ्यावर नियम लिहून नेले होते. फोनवर आलेले आकडे कोणालाही सांगायचे नाहीत. कोणी सांगितलं म्हणून काही चढवायचं नाही. घाई करणारा माणूस चोर समजायचा. अनोळखी माणसाला आधी विचारायचं, तुम्ही कोण.

आत्यांनी पुठ्ठा देवघरात ठेवला आणि त्याला कुंकू लावलं. मी तो काढून भिंतीवर चिकटवला.

सगळ्यांचे पासवर्ड तपासायचे म्हणून ह्यांचाही पाहिला. हे सेतुमाधव, निवृत्त आरेखक, घरातले दुसरे धोकादायक इसम. रोज सकाळी फुलांची चित्रं चाळीस जणांना पाठवतात, येईल त्या दुव्यावर बोट ठेवतात, आणि पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात. खोडायला लावला. माझी पद्धत सोपी आहे. सगळीकडे एकच पासवर्ड, शाळेचं नाव आणि मी रुजू झाले ते साल, म्हणजे गोंधळ नको. कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय. आत्यांचाही आता त्याच कागदावर घेतला.

८ जून, रविवार

प्रगती कमी. व्हॉट्सअ‍ॅपवर माझा निरोप आला की त्या वाचतात, देवनागरी त्यांना पोथ्यांमुळे उत्तम येते, पण उत्तर लिहीत नाहीत. लगेच फोन करतात. मी सकाळी लिहिलं, "नऊ वाजले. गोळी." फोन आला. घेतली म्हणाल्या आणि पुढे वीस मिनिटं खालच्या बाईच्या सुनेचं डोहाळजेवण. मी सांगितलं, 'घेतली' एवढं लिहिलं तरी चालतं. त्या म्हणाल्या, लिहिलं की तुझा आवाज कुठे येतो?

हा मुद्दा गैरलागू आहे. पुढच्या वेळी लिहूनच घेईन.

१५ जून, रविवार

आज चाचणी. शेजारच्यांचा फोन आणून ह्यांना चोर केलं. वीज मंडळातून बोलतोय, तमिळमध्ये, जाड आवाजात. हे बाहेर जिन्यात, मी लिहून दिलेले प्रश्न घेऊन; मी आत्यांसमोर, त्यांच्या फोनचा आवाज मोठा करून.

आत्यांनी आधी त्याला जेवलास का विचारलं. मग उन्हात फिरावं लागतं का. मग आधार क्रमांक सांगायला लागल्या. आठ आकडे झाले आणि हेच गडबडले. तमिळ सोडून मराठीत म्हणाले, "आत्या, थांबा, पुढचे सांगू नका."

मी आत्यांचा फोन हिसकावून घेतला तर त्या आपल्या तंजावरी मराठीत सांगत होत्या, "तुळसी, चांगला मुलगा अहे गं. मराठी येतं. आपल्यातलाच कोणी असेल."

ह्यांचा आवाज त्यांनी ओळखला नाही. मराठी बोलला एवढं पुरलं. चेन्नईत मराठी बोलणारा म्हणजे नात्यातला, हे त्यांच्या हाडात आहे. ह्यांना दटावलं, चोराने दया दाखवायची नसते. हे म्हणाले, मला जमत नाही. दुसरा चोर शोधायला हवा.

२१ जून, शनिवार

'तुम्ही कोण' हा नियम त्यांच्या गळी उतरत नाही. कारण मला माहीत आहे, म्हणून आज फार रागावले नाही.

ह्या घराण्यात नातेवाइकाला 'कोण' विचारणं म्हणजे अपमान. तंजावरची ही मराठी घरं थोडी आणि नावं तीच तीच, आजोबांची नातवांना. फोन करणारा नाव सांगत नाही. म्हणतो, "ओळखलं नाही का?" आपण आवाजावरून ओळखायचं. १९७९ साली मी सोलापूरहून लग्न होऊन आले. पहिल्याच महिन्यात फोनवर ह्यांच्या थोरल्या काकांना विचारलं, "कोण आपण?" काका तीन वर्षं आमच्याकडे जेवले नाहीत. सोलापूरच्या सुनेला माणसं कळत नाहीत, हे मी पुढे कितीतरी लग्नांत ऐकलं.

नंतर मी शिकले. आता मला आवाज कळतो. एवढ्या वर्षांत पुन्हा चुकले नाही.

आत्यांना एवढंच म्हणाले की काकांसारखे रुसणारे आता उरले नाहीत, तुम्ही बिनधास्त विचारा. त्या म्हणाल्या, "मज होत नाही." मी वीस वेळा घोकून घेतलं. अठराव्या वेळी आवाजात जरा धार आली.

२९ जून, रविवार

दुसरा चोर खालच्या औषधाच्या दुकानातला. त्याला आत्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?" मग बापाचं नाव, गाव, कामाची जागा. त्याने बँक सांगितली तर म्हणाल्या, मीच तिथे येते, काउंटर किती नंबरचा? तो घाबरून खरं नाव सांगून मोकळा झाला.

उत्तम. पण आकडे सांगू नका म्हटलं तरी आलेला निरोप मोठ्याने वाचायची सवय सुटलेली नाही. दोन आठवडे उरले.

खोलीत एक खोकं दिसलं, त्यात जुन्या साड्या घडी करून ठेवलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, झुरळं झालीत म्हणून काढल्या. एकही झुरळ दिसलं नाही. मी खोकं उलटं करून साड्या परत कपाटात लावल्या. त्या बघत होत्या. घरी येताना उगाच रिक्षावाल्याशी भांडले.

४ जुलै, शुक्रवार

सुखद फोन. स्वयंपाक चालू होता, नवा नंबर. "वहिनी, ओळखलं नाही का?"

मी लगेच म्हणाले, "राणोजी?"

"अगदी बरोबर. तुमचा कान तेज आहे."

ह्यांचा चुलतभाऊ, तंजावरला असतो. तीन-चार वर्षांत फोन नव्हता. त्याचं मराठी किती सुधारलंय, 'वैनी' न म्हणता स्वच्छ 'वहिनी'. सोलापूरकडचं ऐकल्यासारखं वाटलं. बहुतेक वाचन वाढवलंय. मी विचारलं, घराण्याच्या वंशावळीचं काम कुठवर आलं. म्हणाला, त्यासाठीच फोन केला. सगळ्यांचे नंबर एका यादीत जोडतोय, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील तेवढे सांगा. सांगितले. त्याने आभार मानले, दादांना नमस्कार सांगा म्हणाला. कामाचा माणूस, दोन मिनिटांत आटोपलं.

आमटी लागली नाही हे नशीब.

५ जुलै, शनिवार

सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅप बंद. पुन्हा नंबर घाला म्हणतं, घातला तर सात तास थांबा म्हणतं. ह्यांनी काल रात्री माझा फोन चार्जिंगला लावला होता, नक्की काहीतरी दाबलं असणार. बोलले. ते नाही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, काल कोणाचा फोन आला होता का? मी म्हणाले, राणोजीचा. बरं म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलत होते. मग आत येऊन न सांगता कॉफी केली. इतकी साखर मी घेत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

दुपारी तीन वाजता खाली रिक्षा थांबली. आत्या उतरल्या. एकट्या, पिशवी नाही, पंच्यात गुंडाळलेला फोन छातीशी. दोन जिने चढून आल्या. मी म्हणाले, ह्या उन्हात कशाला, गोळी घेतली का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. "सरि, ठीक. तूच अहेस," म्हणाल्या.

मग फोन पुढे केला. माझ्या नावाने, माझ्या फोटोखाली निरोप होता. 'प्रिय आत्या, कशा आहात? तब्येत बरी आहे ना? तुमची आठवण येते. कृपया आत्ता आलेले सहा आकडे मला पाठवा.'

मी म्हणाले हे मी लिहिलेलं नाही.

"ते मज पहिल्या ओळीतच कळलं," आत्या म्हणाल्या. "तू मला कधी प्रिय म्हटलंयस? कधी विचारलंयस कशी अहे म्हणून? पंचेचाळीस वर्षांत तुझं एक 'कृपया' ऐकलं नाही. मी म्हटलं, एवढं गोड बोलतो तो चोरच. तुझा फोन त्याच्याकडे असेल, म्हणून मीच आले."

हे खिडकीबाहेर बघत होते. खांदे हलत होते.

आत्यांनी आकडे पाठवले नव्हते. उलट लिहिलं होतं, 'तुम्ही कोण? वडिलांचं नाव सांगा.' त्याचं उत्तर आलं नव्हतं. आणि रिक्षेत बसून त्यांनी वहीतले बावीस नंबर फिरवले. तंजावर, कुंभकोणम, बंगळूर. सगळ्यांना एकच सांगितलं की तुळसीच्या नावाने गोड निरोप आला तर काही देऊ नका. त्यातल्या तिघांना निरोप आला होता. एका पुतण्याचं बोट पैसे पाठवायच्या बटणावर होतं.

ह्यांनी मग हळूच सांगितलं. राणोजीला सकाळीच विचारलं होतं, त्याने फोन केलाच नव्हता.

म्हणजे ते आकडे मी दिले, आणि दिवसभर दोष ह्यांना दिला. आणि ह्यांना सकाळपासून ठाऊक होतं.

७ जुलै, सोमवार

सरकारी मदत क्रमांकावर तक्रार ह्यांनी लिहिली, मी सही केली. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं परत मिळालं. त्याला दुहेरी कुलूप लावलं. कपाटाच्या दारावरचा कागद ह्यांनी काढला. तो तिथे आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं म्हणे. मग सांगितलं का नाही? म्हणाले, "तुझ्यापुढे कोण बोलणार?"

बावन्न नातेवाइकांच्या गटात मी लिहिलं: परवा माझ्या नावाने आलेले निरोप चोराचे होते. आकडे त्याला मी स्वतः दिले. तुळसी. तीन वेळा वाचून पाठवलं. खाली हात जोडलेली चित्रं आली. राघोत्तमचं काही आलं नाही.

त्याने वाचलंय. दोन निळ्या खुणा आहेत.

१० जुलै, गुरुवार

रोजच्याप्रमाणे आत्यांना नऊला फोन केला. गोळीचं विचारणार होते, पण शनिवारचं मनात होतं. म्हणून आधी म्हणाले, "कशा आहात?"

पलीकडून धारदार आवाजात, "तुम्ही कोण?"

बापाचं नाव, सोलापूरची गल्ली आणि लग्नानंतर काका कशावरून रुसले ते सांगितल्यावर बोलायला लागल्या.

आता भीती दुसरीच आहे. राघोत्तम म्हणेल, शिकवणारीच अशी, तर शिकणारीचं काय. आणि त्याचं बरोबर असेल. मी मध्ये पडले नसते तर आत्यांकडे निदान 'अजून शिकते आहे' एवढं म्हणायला जागा होती. माझ्यामुळे त्यांचं घर जायचं. काल रात्रीच्या जेवणात दोन घास गेले नाहीत. ह्यांनी ताक केलं, मीठ जास्त होतं, तरी प्यायले.

१३ जुलै, रविवार

राघोत्तम दहाला मोठी गाडी घेऊन आला. मागच्या बाजूला पाच रिकामी खोकी आणि चिकटपट्टी. आत्यांनी ती पाहिली आणि इडलीचं पीठ ढवळायला आत गेल्या.

मी त्याला बसू दिलं नाही. उभ्यानेच सांगितलं, "परीक्षेआधी एक ऐक. चूक झाली ती माझी. तुझ्या आईची नाही. मी नियम लिहिले, भिंतीवर लावले, आणि कोणी 'ओळखलं नाही का' म्हटल्याबरोबर नाव मीच पुरवलं. का, तर मला तुमच्या माणसांत चूक करायची नव्हती. तुझ्या आईच्या हातात फोन नसता तर बावीस घरांत चोर शिरला असता. फोन बंद करायचा असेल तर माझा कर."

तो भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला, "वैनी, शनिवारी मला पण आईचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होतो, उचलला नाही. तिने सात वेळा केला. मला वाटलं, पुन्हा काहीतरी घोटाळा केला हिने."

आतून आत्या म्हणाल्या, "आठ वेळा."

तरी परीक्षा त्याने घेतलीच. शेजारच्या खोलीतून फोन लावला, गॅसवाला झाला. आत्यांनी चमचा न ठेवता ऐकलं. म्हणाल्या, "जोडणी तोड बाबा. माझा मुलगा ओरगडमहून नवीन आणून देतो. त्याला बाकी वेळ कुठे असतो." फोन ठेवला आणि इडल्या काढल्या.

राघोत्तम बाहेर आला तो डोळे पुसत. धुराने म्हणाला. इडलीला धूर नसतो. मी त्याला ताट दिलं.

खाताना त्याने सांगितलं, आई इथेच राहू दे. महिन्यातून दोन रविवार तो येईल. अट एक. मला वाटलं आत्यांसाठी असेल, म्हणून लिहून घ्यायला कागद-पेन्सिल घेऊन बसले.

"आईला नाही. तुम्हाला," तो म्हणाला. "कुठलाही आकडा कोणाला द्यायच्या आधी आईला फोन करायचा."

"रोज नऊला करतेच ती," आत्या म्हणाल्या. "आता संध्याकाळी पण करेल. नवीन अहे ना, सवय होईपर्यंत."

किती दिवस, ते मी विचारलं नाही. हो म्हणाले.

खोकी रिकामी परत नेऊ देणं आत्यांच्या स्वभावात नाही. चारांत वडाम, आवकाय लोणचं, दोन किलो मेतकूट भरलं. पाचवं माझ्यासाठी. वर चिठ्ठी चिकटवली होती, त्यांच्या पोथीतल्यासारख्या टोकदार अक्षरांत: तुळसी, गोळी घेत जा.

मला कसलीच गोळी नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, कॅल्शियमची आहे की, चार महिने तू विसरतेस. पाकीट शोधलं, घेतली. मग आत्यांना फोन लावून 'घेतली' म्हणून कळवलं. खालच्या बाईच्या सुनेला मुलगी झाली. वीस मिनिटं गेली.